आधी कामाला नंबर, मग फोल्डर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही घरून मुखपृष्ठं, माहितीपत्रकं आणि दिवाळी अंकांची मांडणी करता. एका वेळी बारा-पंधरा क्लायंट चालू असतात. सगळं गूगल ड्राइव्हवर आहे आणि तिथे सध्या ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ आणि ‘फायनल खरंच फायनल’ यांचं राज्य आहे. नवं काम आलं की त्याचे फोल्डर आपोआप तयार व्हावेत आणि क्लायंटकडून येणाऱ्या फाइली आपोआप आपापल्या जागी जाव्यात, असं तुम्हाला हवंय. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, हा शेवटचा प्रश्न.

पहिली गोष्ट होते, आणि फुकटात होते. दुसरी अर्धीच होते. उरलेल्या अर्ध्याच्या नादी लागून मी दोन पावसाळे घालवलेत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. विकत तूर्तास काही घेऊ नका.

कुठल्याही सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. कागद आला की शिक्का, नंबर, तारीख. तो कुठल्या फायलीत जायचा हे त्यानंतर. आपण फोल्डर लावायला बसतो तेव्हा ही वही सोडून थेट कपाटापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं. माझं पहिलं स्क्रिप्ट (म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) अगदी साधं होतं: गूगल फॉर्म भरला की क्लायंटच्या नावाचा फोल्डर तयार. एका क्लायंटने नेट मंद असल्यामुळे फॉर्म दोनदा पाठवला. दोन फोल्डर झाले, एकाच नावाचे, एकाच ठिकाणी. ड्राइव्ह यावर कुरकुरसुद्धा करत नाही, कारण त्याच्या लेखी फोल्डरची ओळख म्हणजे नाव नव्हेच. ओळख म्हणजे लिंकमध्ये दिसणारी ती लांबलचक आयडी. एका फोल्डरची लिंक क्लायंटकडे, दुसरा माझ्यासमोर उघडा. दोन दिवस मी मजकुराची वाट बघत होतो आणि तो दोन दिवस ‘कधीच टाकलाय हो’ म्हणत होता. दोघंही खरं बोलत होतो.

म्हणून आधी वही करा. एक गूगल शीट, एका कामाला एक ओळ. माझ्या शीटमध्ये एवढेच रकाने आहेत: काम क्रमांक, तारीख, क्लायंटचा कोड, कामाचं नाव, क्लायंटचा ईमेल, स्थिती, फोल्डरची आयडी, बिल क्रमांक. फोल्डर हरवला, नाव बदललं, कोणी चुकून दुसरीकडे ओढून टाकला, तरी आयडी तीच राहते आणि वहीतून तो सापडतो. सगळी गंमत त्या आयडीच्या रकान्यात आहे.

काम क्रमांक आर्थिक वर्षाने सुरू करा. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मधलं एकेचाळिसावं काम म्हणजे २५२६-०४१. कॅलेंडरचं वर्ष धरलंत तर जुलैत सीए जेव्हा ‘गेल्या वर्षीची सगळी बिलं द्या’ म्हणतो तेव्हा दोन वर्षांच्या फोल्डरांत हात घालावा लागतो. मार्चमध्ये सुरू झालेल्या कामाचं बिल मेमध्ये निघालं तर? कामाचा नंबर सुरू झाल्याच्या वर्षाचाच राहू द्या, बिलाला त्याचा स्वतःचा नंबर. दोन्ही वहीच्या एकाच ओळीत आहेत, तेवढं पुरतं. हा क्रमांक शीटच्या सूत्राने काढू नका. मी ओळीच्या क्रमांकावरून काढत होतो. एकदा यादी क्लायंटच्या नावाने लावली आणि सगळ्या कामांचे नंबर बदलले. स्क्रिप्टने नंबर एकदा लिहावा आणि तो तिथेच कोरलेला राहावा.

फोल्डरचं नाव असं: क्रमांक, क्लायंटची रोमन लिपीतली तीन अक्षरं, मग हवं तर कामाचं नाव मराठीत. कोड रोमनमध्ये का, याची एक गोष्ट आहे.

कऱ्हाडहून एका दिवाळी अंकाचं काम येत असे. फोल्डरचं नाव मराठीत होतं आणि माझं त्यावेळचं स्क्रिप्ट नावावरून फोल्डर शोधायचं. सापडला तर त्यात फाइल, नाही तर नवा फोल्डर. थोड्याच दिवसांत ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर. नीट बघितलं, अक्षर न् अक्षर सारखं. काना-मात्रा सारखी, मागे-पुढे मोकळी जागा नाही. अख्खी संध्याकाळ गेली तेव्हा कळलं की तो ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कीबोर्डवर खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, तर काहींवर साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब तेच. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. संपादकांनी फोनवरून टंकलं होतं, मी लॅपटॉपवरून. वऱ्हाड, कुऱ्हाड, पुऱ्या, नवऱ्या मुलाची पत्रिका, सगळीकडे हा खड्डा आहे. अंकांचंही तसंच: देवनागरी ४१ आणि इंग्रजी आकड्यांतले एकेचाळीस स्क्रिप्टला एक वाटत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्टला जे वाचायचंय ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. माणसाला जे वाचायचंय ते खुशाल मराठीत. शोधायचं मात्र नेहमी आयडीनेच.

आता फोल्डरच्या आत काय. मी चारच ठेवतो: आवक, काम, जावक, हिशेब. पूर्वी अकरा होते, त्यात ‘संदर्भ’ आणि ‘प्रेरणा’सुद्धा होते, आणि अकरापैकी सात कायम रिकामे. आवकमध्ये क्लायंटकडून आलेलं सगळं, जसं आलं तसं. काममध्ये माझ्या मांडणीच्या फाइली. जावकमध्ये बाहेर गेलेलं: पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, प्रेसला गेलेली पीडीएफ. हिशेबात दरपत्रक, प्रेसचं कोटेशन, बिल, टीडीएसचं प्रमाणपत्र.

या चौघांची वाटणी मी परवानगी बघून केली आहे. ड्राइव्हवर बाहेरच्या फोल्डरची परवानगी आतल्या सगळ्यांना लागू होते. कामाचा अख्खा फोल्डर क्लायंटला शेअर केलात की हिशेबही उघडला. माझ्या ओळखीच्या एकाने असाच आख्खा फोल्डर शेअर केला. क्लायंटने त्यात प्रेसचं कोटेशन पाहिलं, स्वतःला दिलेल्या दराशी ताडून पाहिलं, आणि पुढचं काम थेट प्रेसला दिलं. तेव्हा बाहेरचा फोल्डर कोणालाही नाही. क्लायंटला आवकमध्ये टाकायची परवानगी, जावक फक्त बघायची, बाकी दोन बंद.

आता यंत्र. शीट उघडा, एक्स्टेन्शन्सच्या मेनूत ॲप्स स्क्रिप्ट आहे, म्हणजे गूगलची स्क्रिप्ट लिहायची जागा. चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे. जावास्क्रिप्ट येत नसेल तर एआयकडून लिहून घ्या, हल्ली बरं लिहितो तो. पण खालचा क्रम त्याला तुम्ही सांगा, स्वतःहून तो पाळेलच असं नाही, आणि सगळ्या चुका क्रमातच होतात.

सुरुवातीला कुलूप. ॲप्स स्क्रिप्टमध्ये लॉक सर्व्हिस नावाची सोय आहे. एक फेरी चालू असताना दुसरी सुरू झाली तर ती थांबते. माझ्या दोन फोल्डरांच्या गोष्टीत हे कुलूप असतं आणि फोल्डर करण्याआधी त्याच कामाचा फोल्डर आधीच झालाय का हे पाहिलं असतं, तर घोळ झाला नसता. मग वहीतल्या ज्या ओळींची स्थिती ‘पक्कं’ आहे आणि आयडीचा रकाना रिकामा आहे, तेवढ्याच उचलायच्या. क्रमांक लिहायचा. फोल्डर करायचा. फोल्डर झाल्या क्षणी, आतले चार करण्याच्याही आधी, त्याची आयडी शीटमध्ये लिहून टाकायची. कारण एका फेरीला सहा मिनिटांची मर्यादा आहे आणि नेट, ड्राइव्ह, काहीही मध्येच दगा देऊ शकतं. आयडी शेवटी लिहिणारं स्क्रिप्ट अर्ध्यात मेलं की पुढच्या फेरीत तोच फोल्डर पुन्हा करतं. आयडी आधी लिहिलेलं स्क्रिप्ट मेलं तर फार तर आतले उपफोल्डर कमी असतात, ते दिसतात आणि हाताने करता येतात.

उपफोल्डर एकेक करून बनवावे लागतात. नमुन्याचा फोल्डर आख्खा कॉपी करायची सोय ॲप्स स्क्रिप्टच्या ड्राइव्ह सेवेत नाही. फाइल कॉपी होते, फोल्डर नाही. म्हणून नावांची यादी स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि दरपत्रकाचा नमुना तेवढा कॉपी करून हिशेबात टाका. त्यानंतर परवानग्या. सगळ्यात शेवटी क्लायंटला पत्र: ‘काम क्रमांक अमुक, मजकूर आणि फोटो या लिंकवर टाका.’ हे पत्र स्क्रिप्टला पाठवू देऊ नका, जीमेलमध्ये मसुदा करून ठेवायला सांगा. मी वाचतो, ‘सर’चं ‘ताई’ करतो आणि पाठवतो. एकदा ‘कामाचं नाव’ या रकान्यात मी माझ्यापुरतं ‘पैसे बुडवणारे’ असं लिहून ठेवलं होतं. मसुदा होता म्हणून वाचलो.

हे चालवायचं कसं? स्थितीचा रकाना बदलला की आपोआप चालावं, असं सगळ्यांना वाटतं. पण शीटमधला साधा ट्रिगर, म्हणजे बदल होताच स्क्रिप्ट सुरू करणारी कळ, ड्राइव्हला हात लावू शकत नाही, त्याला परवानगी मागताच येत नाही. त्यासाठी इन्स्टॉलेबल ट्रिगर वेगळा बसवावा लागतो. बसवता येतो. मी बसवला होता आणि काढून टाकला. आता शीटच्या वर ‘कचेरी’ नावाचा मेनू आहे, त्यात ‘नवे फोल्डर करा’. महिन्याला चार-पाच वेळा दाबायचं बटण आहे ते. एवढं हाताने केलं तर काय बिघडलं, आणि टंकताना चुकून ‘पक्कं’ पडलं म्हणून फोल्डर जन्माला येत नाही.

पहिल्यांदा चालवताना गूगल ‘या ॲपची पडताळणी झालेली नाही’ असा लाल इशारा दाखवेल. स्क्रिप्ट तुमचंच असेल तर पुढे जायला हरकत नाही. कोणा तिऱ्हाइताचं आयतं उचललेलं असेल तर आधी ओळ न् ओळ वाचा. तुम्ही त्याला आख्ख्या ड्राइव्हची किल्ली देताय. आणि जुनी स्क्रिप्टं टाळा. एकच फाइल एकाच वेळी दोन फोल्डरांत ठेवायची सोय गूगलने सप्टेंबर २०२० अखेर बंद केली. त्याआधीची स्क्रिप्टं फाइल हलवायची म्हणजे नव्या फोल्डरला जोडायची आणि जुन्यातून काढायची, अशा पद्धतीने लिहिलेली आहेत. आता त्यासाठी थेट हलवण्याची एकच आज्ञा आहे.

एक बारीक गोष्ट, जी फार छळते. स्क्रिप्टच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइम झोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, आहे ना ते बघून घ्या. माझ्या फाइलींवर सकाळी लवकर आलेल्या मजकुराला आदल्या दिवसाची तारीख पडायची, आणि मजकूर उशिरा आल्याबद्दल वाद झाला तेव्हा ती तारीख माझ्याच विरोधात गेली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, येणाऱ्या फाइलींचा. इथे मी तुम्हाला निराश करणार आहे.

आपले क्लायंट व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यांना लिंक दिली, समजावलं, फोन करून सांगितलं, तरी फोटो व्हॉट्सॲपवरच येतात, आणि त्यांची नावं तारीख, मग डब्ल्यूए, मग चार आकडे. यावरून कोणतंही स्क्रिप्ट हा फोटो कुठल्या कामाचा ते सांगू शकत नाही. वैयक्तिक व्हॉट्सॲपमधून फाइल परस्पर ड्राइव्हवर नेण्याचा सरळ रस्ताही नाही. फाइलच्या नावातल्या शब्दांवरून वाटणी करणारं स्क्रिप्ट मी लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये चार दिवाळी अंक एकदम चालू झाले, सगळ्या फाइलींच्या नावात ‘कथा’, ‘जाहिरात’ आणि ‘अंक’. एका अंकाची सराफाची जाहिरात दुसऱ्या अंकाच्या आवकमध्ये जाऊन बसली. प्रूफात लागली असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही.

म्हणून आता अर्धं यंत्र, अर्धा माणूस. ड्राइव्हवर ‘पेटी’ नावाचा एकच फोल्डर आहे. व्हॉट्सॲपवर काहीही आलं की फोनवरून शेअर करून पेटीत. रात्री स्क्रिप्ट पेटी उघडतं, प्रत्येक फाइलच्या नावाआधी तारीख लावतं, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि वहीच्या दुसऱ्या पानावर फाइलींची यादी करतं. सकाळी चहा घेताना मी प्रत्येकीपुढे यादीतून काम क्रमांक निवडतो आणि बटण दाबतो. फाइली आपापल्या आवकमध्ये जातात. दहा फाइलींना तीन-चार मिनिटं. शिवाय यामुळे आलेला मजकूर निदान एकदा डोळ्याखालून जातो, आणि फोटो दाबलेला, पिचका आला असेल तर त्याच दिवशी ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगता येतं. प्रेसला जायच्या आदल्या रात्री ते कळण्यापेक्षा बरं.

ईमेलचं मात्र छान जमतं. फोल्डर करतानाच स्क्रिप्ट जीमेलमध्ये काम क्रमांकाचं लेबल करतं. पत्राला लेबल लावलं की रात्रीच्या फेरीत जोडलेल्या फाइली आवकमध्ये. फक्त पत्राखालच्या सहीतले लोगो गाळायला सांगा, नाहीतर आवकमध्ये एकाच कंपनीचे साठ लोगो जमतात. आणि उचललेल्या प्रत्येक पत्राची आयडी कुठेतरी नोंदवा. लेबल सगळ्या संभाषणाला लागतं, त्यामुळे नोंद नसेल तर कालच्याच फाइली आज पुन्हा येतात.

माझ्या सगळ्या स्क्रिप्टांपैकी एकच ठेवायचं म्हटलं तर मी पुढचं ठेवीन. क्लायंटने तुमच्या आवकमध्ये टाकलेली फाइल तुमची नसते. फोल्डर तुमचा, फाइलचा मालक तो. जागाही त्याच्याच खात्यातली जाते, म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण त्याने स्वतःचा ड्राइव्ह भरला म्हणून साफसफाई केली की ती तुमच्याकडूनही जाते. एका संस्थेच्या स्मरणिकेचे फोटो मी असे घालवलेत. स्मरणिका छापून झाली, सहा महिन्यांनी दुसरी आवृत्ती निघाली, आवक रिकामी. कचरापेटीत ड्राइव्ह ३० दिवस ठेवतं, तेही केव्हाच उलटलेले. तेव्हापासून रात्रीची फेरी आवकमधल्या ज्या फाइलींचा मालक मी नाही त्यांची प्रत काढून काममध्ये ठेवते. प्रत आपली असते. मोफत खात्यातल्या १५ जीबीत हे बसणार नाही, कारण ती जागा जीमेल आणि फोटोंनाही वाटून दिलेली आहे. तुम्हाला पैसे खर्चायचेच असतील तर इथे खर्चा, जागेवर.

प्रूफांबद्दलही तेच. ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवतं खरं, पण पीडीएफ किंवा फोटोशॉपच्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर पुसल्या जाऊ शकतात. मंजूर झालेलं दुसरं प्रूफ वेगळी फाइल म्हणूनच जावकमध्ये असू द्या. ‘आम्ही हे मंजूर केलंच नव्हतं’ हे वाक्य दोन महिन्यांनी येतं.

काम संपलं की स्थिती ‘संपलं’. तेवढ्यावर स्क्रिप्ट क्लायंटची आवकमधली टाकायची परवानगी काढतं आणि बघायची ठेवतं. जड फाइली मी हार्ड डिस्कवर नेतो, हिशेबाला हात लावत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने कागद ठेवावे लागतात. बिल क्रमांकही तिथलाच नियम धरून १६ अक्षरांच्या आत बसवा. नियमात आडवी रेघही चालते आणि तिरकीही. तुम्ही आडवीच वापरा; तिरकी रेघ विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही आणि बिलाची पीडीएफ त्या नावाने साठवताच येत नाही.

झॅपियर, मेक वगैरे वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडून देणाऱ्या साधनांबद्दल: क्लायंट एका सेवेवर, तुम्ही दुसरीवर आणि हिशेब तिसरीवर असेल तर ते कामाचे आहेत. सगळं गूगलमध्येच असताना महिन्याचं भाडं भरून नळ जोडायची गरज नाही. ऑफिसची माणसं वनड्राइव्हवर असतील तर तिथे मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटने हेच जमतं. आणि एखाद्या क्लायंटचं गूगल खातंच नसेल तर फाइल मागवणारा गूगल फॉर्म त्याच्या कामाचा नाही, तिथे लॉगइन लागतं. अशांसाठी ड्रॉपबॉक्सची फाइल रिक्वेस्ट बरी, खातं नसलं तरी लिंकवर फाइल टाकता येते.

आता सुरुवात कशी करायची. सध्याचे फोल्डर आवरायला बसू नका. तिथेच सगळ्यांचा उत्साह संपतो. ‘जुनं’ असा एक फोल्डर करा, आहे ते सगळं त्यात ओता. फक्त आधी कोणते फोल्डर क्लायंटला शेअर आहेत ते बघून घ्या, आणि ‘जुनं’ स्वतः कोणालाही शेअर करू नका. आज चालू असलेल्या कामांना ००१ पासून नंबर द्या. जुन्यातलं काही कोणी मागितलं तर तेवढंच बाहेर काढून त्याला नंबर द्यायचा. माझ्या ‘जुनं’मध्ये २०१९ पर्यंतचा ढीग अजून तसाच आहे. त्यातली आजवर सहा कामं बाहेर आली आहेत.